कंपनीचा मेडिक्लेम पोर्ट होत नाही, मायग्रेट होतो

राजीनामा दिलेल्या माणसाला ऑफिसातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘अरे, मेडिक्लेम पोर्ट करून घे.’ कधी एचआरच्या मेलमध्येही तेच लिहिलेलं असतं. मग हा बाबा भलत्याच विमा कंपनीकडे अर्ज करतो. तिथे तो नवा ग्राहक म्हणून नोंदला जातो, त्याचे सगळे वेटिंग पिरियड (ठरावीक आजारांचा क्लेम मिळू लागण्याआधी थांबायचा काळ) शून्यापासून सुरू होतात, आणि ही गोष्ट त्याला कळते थेट क्लेम फेटाळल्याचं पत्र हातात पडल्यावर. हा गोंधळ इतक्या वेळा पाहिलाय की आता कुणी ‘पोर्ट’ म्हणालं की मी आधी विचारते, पॉलिसी तुझी की कंपनीची?

पोर्टिंग बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. तुम्ही स्वतः काढलेली पॉलिसी, वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच), नूतनीकरणाच्या वेळी एका विमा कंपनीकडून दुसरीकडे नेता. मोबाइल नंबर तोच ठेवून सिमकार्डाची कंपनी बदलावी तसं. अर्ज मुदत संपण्याआधी करायचा. इर्डा या विमा नियामक संस्थेच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या कंपनीनं ७२ तासांत माहिती द्यायची आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीनं ५ दिवसांत निर्णय कळवायचा. बस.

कंपनीनं काढलेली ग्रुप पॉलिसी मात्र तुमची नसतेच. पॉलिसीधारक तुमची कंपनी, तुम्ही फक्त सभासद. त्यामुळे इर्डाच्या नियमांत ग्रुपच्या सभासदाला जो हक्क दिलाय तो मायग्रेशनचा: ज्या विमा कंपनीची ती ग्रुप पॉलिसी आहे, त्याच विमा कंपनीची वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसी घ्यायची आणि ग्रुपमध्ये काढलेल्या काळाचं श्रेय तिच्यात जमा करून घ्यायचं. बायको, नवरा, मुलं, आईवडील असे जे कुणी त्या ग्रुपमध्ये असतील त्यांनाही हाच हक्क. दुसऱ्या विमा कंपनीत जायचंय? आधी इथे मायग्रेट व्हा, मग पुढच्या नूतनीकरणाला खुशाल पोर्ट करा. मधली पायरी गाळून कुणी दुसऱ्या कंपनीनं तुम्हाला श्रेयासकट घेतलंच, तर ती तिची मर्जी. हक्क म्हणून भांडता येणार नाही.

इथे एक बारीक वैताग. ‘त्याच विमा कंपनीकडे जा’ म्हटलं की लोक कार्डावरच्या नंबरला फोन लावतात. तो बहुतेकदा टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीनं क्लेमच्या कामासाठी नेमलेल्या वेगळ्या संस्थेचा असतो. टीपीए क्लेमचे कागद हलवतो, पॉलिसी विकत नाही आणि मायग्रेटही करत नाही. विमा कंपनीचं नाव ई-कार्डावर कुठेतरी बारीक अक्षरात असतं. नसलं तर एचआरकडून पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचं नाव लेखी मागून घ्या.

आता खरी मेख. पोर्ट आणि मायग्रेट यांतला फरक समजलेली माणसंही इथे पाय घसरून पडतात. त्यांना वाटतं, मायग्रेट केलं म्हणजे कंपनीचं कव्हर आहे तसं सोबत आलं. सोबत येतो तो फक्त काळ. ग्रुप पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून सगळं चालतं: जुना मधुमेह, रक्तदाब, बाळंतपण, मोतीबिंदू. कंपनीनं सगळ्यांसाठी मिळून घासाघीस करून घेतलेल्या त्या सवलती असतात आणि त्या ग्रुपबरोबर तिथेच राहतात. तुम्ही ज्या वैयक्तिक पॉलिसीत जाता तिच्या अटी तिच्या स्वतःच्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तिचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो (एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती). ग्रुपमध्ये जितके महिने सलग काढले, तितके त्यातून वजा होतात. एवढंच.

हिशेब करून पाहू. समजा, एक बाई १ जुलै २०२३ ला रुजू झाल्या, मधुमेह आधीपासूनचा, आणि ३१ ऑगस्ट २०२५ त्यांचा कामाचा शेवटचा दिवस. ग्रुपमध्ये २६ महिने झाले. ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड असलेल्या पॉलिसीत त्या वेळेत मायग्रेट झाल्या, तर मधुमेहासाठी अजून १० महिने थांबायचंय. कंपनीत असताना याच मधुमेहापायी दवाखान्यात दाखल झाल्या असत्या तर पूर्ण पैसे मिळाले असते. सप्टेंबरात झाल्या तर मिळणार नाहीत. यात विमा कंपनीनं फसवलं असं काही नाही, पण कुणी आधी सांगितलं नाही तर तसंच वाटतं. याच बाई मायग्रेट न होता नवी पॉलिसी घेऊन बसल्या असत्या, तर १० ऐवजी अख्खे ३६ महिने, शिवाय अपघात सोडून सगळ्यालाच सुरुवातीचे ३० दिवस कव्हर नाही.

पुढचा पेच रकमेचा. श्रेय मिळतं ते जुन्या विमा रकमेपुरतं. ग्रुपमध्ये ५ लाखांचं कव्हर होतं आणि तुम्ही १० लाखांची पॉलिसी घेतली, तर २६ महिने वजा होणार पहिल्या ५ लाखांसाठी. वरच्या ५ लाखांना वेटिंग पिरियड नव्यानं. म्हणून कमी रकमेची पॉलिसी घ्या असं नाही. १० लाखांचीच घ्या, फक्त पहिली काही वर्षं हे लक्षात ठेवा.

बाळंतपणाची आशा मात्र धरू नका. बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींत ते नसतंच, आणि जिथे असतं तिथे त्याचा वेगळा, लांबलचक वेटिंग पिरियड असतो. खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलाचा ठरलेला वाटा स्वतः भरणं) वगैरे फरक पॉलिसी वाचली की कळतात. त्यावर शाई घालवत नाही.

आणि हो, मायग्रेशनचा हक्क म्हणजे डोळे झाकून स्वीकाराची हमी नव्हे. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येताना विमा कंपनी प्रकृती तपासू शकते, त्यावरून प्रीमियम वाढवू शकते, नकारही देऊ शकते. सत्तरीतल्या आईवडिलांच्या बाबतीत अडचण इथे येते. तरीही प्रस्तावात आजार लपवायचा सल्ला देणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. सलग ६० महिने कव्हर झाल्यावर, सिद्ध झालेली लबाडी सोडली तर, माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आणि या ६० महिन्यांत मायग्रेट केलेला काळही धरतात. लपवाछपवी करून ते संरक्षण कशाला घालवायचं?

अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांचा आणखी एक घोटाळा असतो. तिथे कोब्रा नावाचा कायदा आहे. वीस किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून बाहेर पडलात की सहसा १८ महिन्यांपर्यंत तीच ग्रुप योजना चालू ठेवता येते, फक्त पूर्ण प्रीमियम आणि वर २ टक्के खर्च स्वतः भरायचा. ‘आपल्याकडेही तसंच करता येतं ना, मी भरतो की प्रीमियम’, असं म्हणणाऱ्यांना उत्तर: येत नाही. ग्रुपमधून नाव निघालं की निघालं.

नाव कधी निघतं, तेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच. फुल अँड फायनल, म्हणजे पैशांचा शेवटचा हिशेब, व्हायची वाट पाहत बसलात तर मधले आठवडे उघडे पडतात. वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता चुकला तर मिळणारी सवलतीची मुदतही इथे नसते. म्हणून अर्ज नोटीस पिरियडमध्येच, शक्यतो पहिल्याच आठवड्यात, आणि ईमेलनं. सोबत किती तारखेपासून कोणकोण कव्हर होतं याचं एचआरचं पत्र जोडा. कंपनीनं मध्येच विमा कंपनी बदललेली असेल तर आधीच्या वर्षांचे कागदही लागतील. रिलिव्हिंग लेटर मिळाल्यावर एचआर ओळख दाखवेलच असं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नोकरीत असतानाच, तिशीच्या आत, एक छोटी का होईना स्वतःची पॉलिसी काढून तिचा वेटिंग पिरियड मागे चालू ठेवावा. ‘कंपनीचा आहे की’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झालाय, त्यामुळे १८ टक्क्यांची सबब उरली नाही.

आधीच नोटीस पिरियडमध्ये असाल आणि विमा कंपनीचा माणूस ‘ग्रुपमधून मायग्रेशन आमच्याकडे होत नाही’ असं फोनवर सांगत असेल, तर तेच वाक्य त्याच्याकडून ईमेलवर मागा. मग त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, आणि तिथेही दाद लागली नाही तर इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा.