मेंदूतील अरुंद धमन्या आणि रक्त पातळ करणारी औषधे

मेंदूच्या आतल्या धमनीत चरबीचा थर साचून ती अरुंद झाली, की पक्षाघाताचा पुढचा झटका टाळण्यासाठी ‘रक्त पातळ करायची गोळी’ देतात. ठाणे-नवी मुंबईतल्या मेडिकलमध्ये या एकाच नावाने दोन वेगळ्या जातींची औषधे मागितली जातात आणि घोटाळा तिथेच होतो. खरे तर रक्त कुठल्याच गोळीने पातळ होत नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट (रक्तातल्या, गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफेरिन, अपिक्साबॅन ही औषधे रक्त गोठवणाऱ्या घटकांना आवरतात.

अरुंद धमनीत थराचा पापुद्रा फाटतो आणि त्या जागी प्लेटलेट गोळा होतात, म्हणून इथे पहिली जात. हृदयाचे ठोके अनियमित पडून (एट्रियल फिब्रिलेशन) तिथे गुठळी होत असेल तर दुसरी.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ५० ते ९९ टक्के अरुंद धमनी असलेल्या ५६९ रुग्णांत वॉरफेरिन आणि रोज १३०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन यांची तुलना झाली. झटके दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. मोठा रक्तस्राव मात्र वॉरफेरिनवर ८.३ टक्के, अ‍ॅस्पिरिनवर ३.२ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. वॉरफेरिनवर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, म्हणजे आयएनआर, २ ते ३ मध्ये टिकवणे देखरेखीतही कठीण गेले. घरी पालक, मेथी, अळू कमीजास्त झाले तरी तो हलतो.

धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असून नुकताच झटका आला असेल, तर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ, तेही ९० दिवसांपर्यंतच. पुढे सहसा एकच गोळी. नेमकी इथे चूक होते: दोन्ही औषधांची एकत्र कॅप्सूल जुन्या चिठ्ठीवर वर्षभर चालू राहते आणि रक्तस्रावाचा धोका वाढत जातो. चिठ्ठीवर बंद करायची तारीख लिहून घ्यावी.

क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाला लागते. त्यासाठी लागणारे सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) बऱ्याच भारतीयांत जन्मतः मंद असते. ओमेप्राझोल त्याला आणखी अडवते. अ‍ॅसिडिटीसाठी त्याऐवजी पँटोप्राझोल बरे. सांधेदुखीसाठी नियमित घेतलेले आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनचा परिणाम मारते.

दात काढायचा म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. दंतवैद्याला आधी सांगावे. पावसाळ्यात इथे डेंग्यू फिरतो. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यावे, त्याच दिवशी डॉक्टरांना या गोळ्यांची पट्टी दाखवावी आणि प्लेटलेट तपासाव्यात. उतरत्या आकड्यावर गोळी थांबवायची का, हे त्यांनी ठरवायचे.