स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा, स्वतःच फडमालक

गाणं स्वतः लिहायचं, चाल लावायची, घरातल्याच खोलीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर सोडायचं, अशी तरुण मंडळी आज तासगाव, विटा, कराड, वाई या पट्ट्यात दिसतात. त्यांना 'स्वतंत्र कलाकार' म्हणतात. सातारा-सांगलीच्या मातीला मात्र हा प्रकार जुनाच आहे.

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). जातीचा सोवळेपणा बाजूला ठेवून ते तमाशात गेले. लावण्या, गण, गौळणी, वग रचले, गायले आणि स्वतःचा फड, म्हणजे तमाशाचा संच, उभा केला. कार्यक्रमाची सुपारी घेणं, कलावंतांचे पगार, मुक्कामाची सोय, सगळं फडमालकाच्या डोक्यावर. आजच्या भाषेत हेच निर्मात्याचं काम. लावणीच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफत. त्यामुळे दुसऱ्या फडाने गाणं उचललं तरी रचणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कळायचंच. पैसा मात्र त्या वाटेने परत यायचा नाही. एवढा नावाजलेला शाहीर, पण उत्तरायुष्य हलाखीत गेलं. या परंपरेतली ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

पुढे वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढलं. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनीही स्वतःचाच संच घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. दोघांचंही गाणं लोकांसमोर घडलं, कंपनीच्या स्टुडिओत नव्हे.

ग्रामोफोनने गणित बदललं. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे रात्रभर रंगणारा पोवाडा कापावा लागला. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा, अशी कामं वाटली गेली. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि लोकगीतं घरोघरी पोचली. कॅसेटच्या काळात तर गावोगावचे आवाज बाजारात आले, पण अनेकांनी ठोक रक्कम घेऊन हक्क सोडून दिले.

लॅपटॉपने ही वाटलेली कामं पुन्हा एका हातात आणली. त्यात एक अडचण आहे. पोवाड्याची लय चढत जाते. प्रसंग तापला की ढोलकी पुढे सरकते, मागे साथ करणारे झीलकरी 'जी जी रं' म्हणत तिला धरतात. सॉफ्टवेअरमधली क्लिक, म्हणजे ताल धरायला लावलेली टिकटिक, मात्र एकाच वेगाने चालते. आधी डफ-ढोलकीसह सलग गाऊन घ्यावं, बाकीची वाद्यं त्यावर बसवावीत, हे मला जास्त पटतं. वेळ लागतो, पण गाण्याचा जोर टिकतो.

हक्कांचं चित्रही पालटलं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला रचनाकारांचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसाकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र निर्मात्याचा, आणि तो विकता येतो. जात्यावरच्या पारंपरिक ओवीवर तर कुणालाच मालकी सांगता येत नाही, फक्त आपण केलेल्या नव्या बांधणीवर सांगता येते. म्हणून स्वतःच निर्माता असलेल्या गायकाने लेबलच्या, म्हणजे संगीत कंपनीच्या, करारावर सही करण्याआधी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तिन्ही कलमं वेगवेगळी वाचून घ्यावीत.