मुल्कोवालची एक बाटली

१ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची, म्हणजे एचपीव्ही लस देण्याला प्रोत्साहन देऊ, असं सरकारने जाहीर केलं. लगेच जुनी कात्रणं बाहेर आली आणि मोबाइलमधून फिरू लागली: याच लसीने सात मुली दगावल्या होत्या म्हणे. कात्रणं बनावट नव्हती. २०१० साली तशा बातम्या खरंच छापून आल्या होत्या. त्या मुलींचं पुढे काय निघालं, ते मात्र कात्रणात नव्हतं.

ती हकिगत पुढे येईलच. पण लस, अपघात आणि सरकारी खुलासा या त्रिकुटाचं आपल्याकडचं मूळ याहून शंभरेक वर्षं मागे, मुंबईत सापडतं.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्याच महिन्यात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलेला, पटकीची लस आधी स्वतःला टोचून मग भारतात आलेला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. १० जानेवारी १८९७ला प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतली, तीही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, दुखलं, बरे झाले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली गेली.

पण बाहेर शहरात सरकारवर कुणाचा विश्वास होता? २९ ऑक्टोबर १८९६ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे माणसं मारून त्यांच्यापासून मोमियाई नावाचं औषध काढतात, अशी वदंता होती. आज हसू येतं. पण घरात गोरे शिपाई घुसताहेत, बायकांची तपासणी होतेय, आजाऱ्याला उचलून नेलं की तो परत येत नाही, हे सगळं लोक डोळ्यांनी बघत होते. पुण्यात रँडच्या कारभारात याची हद्द झाली आणि २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी त्याला गोळ्या घातल्या. अफवेला खतपाणी अशा कारभारातून मिळतं, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नसावं.

मग टोचून घेतलं कुणी? जवळच्या माणसाने घेतलं म्हणून घेणारे बरेच. तरुण आगाखानांनी चारचौघांत बाही वर केली आणि खोजा समाज त्यांच्यामागे आला. हाफकिनच्या प्रयोगशाळेला जागाही त्यांनी दिली. दुसरा वर्ग दाखल्यासाठी येणारा: लस घेतल्याचं प्रमाणपत्र असेल तर विलगीकरणातून, प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळे. हा धागा कोव्हिडच्या काळात आपण सगळ्यांनीच पाहिला, त्यामुळे जास्त सांगत नाही.

१८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. १९०२ साली पंजाब सरकारने मोठी मोहीम हाती घेतली आणि लसीची मागणी एकदम फुगली. तोवर लस तापवून निर्जंतुक करत आणि वर जंतुनाशक म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड घालत. उत्पादन वेगाने व्हावं म्हणून हाफकिननी कार्बोलिक वगळलं आणि नुसत्या उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तीच रीत चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. पाच बाटल्या लागल्या. आठवड्याभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले, अंगं ताठ झाली. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. सगळ्यांना लस मिळाली होती ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून. बाकी चार बाटल्यांतली माणसं ठणठणीत.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. घाण मुंबईतच, बाटली उघडण्याआधी शिरली असावी, असा निष्कर्ष निघाला आणि बोट कार्बोलिक वगळण्याकडे गेलं. हाफकिन पदावरून दूर झाले. पण साक्षीपुराव्यात एक बारीक गोष्ट दडली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या सकाळी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो जंतुनाशकात नुसता बुचकळून त्याने पुन्हा वापरला. गावातली माती, गुरांचा वावर. धनुर्वाताचे जंतू कुठे असतात ते वेगळं सांगायला नको. शिवाय बाटली मुंबईत भरून एकेचाळीस दिवस झाले होते. जंतू तेव्हापासून आत वाढत असते तर उघडताना घाणेरडा वास सुटला असता, आणि तसा वास आल्याची नोंद नाही.

मला खटकतो तो आयोगाच्या चुकीपेक्षा त्यातला वेळकाढूपणा. अहवाल लोकांसमोर आला तो १९०६मध्ये, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी. तेवढ्यात पंजाबात जे बोललं गेलं ते कुठल्या राजपत्रात पुसता येणार होतं? २९ जुलै १९०७ला हिवताप डासांतून पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप खोडून काढला. वर्षअखेरीस ते दोषमुक्त झाले आणि भारतात परतले, पण मुंबईत नाही, कलकत्त्याला.

आता २०१०ची हकिगत. तेव्हाच्या आंध्रातलं, आता तेलंगणातलं खम्मम आणि गुजरातेतलं वडोदरा या दोन जिल्ह्यांत पाथ ही संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं मिळून सुमारे चोवीस हजार मुलींना एचपीव्ही लस देत होती. सात मुलींचे मृत्यू झाल्याचं समोर आलं आणि एप्रिल २०१०मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत पाच मृत्यूंची कारणं उघडच वेगळी निघाली: पाण्यात बुडणं, सर्पदंश, विष, हिवताप. उरलेल्या दोघींचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फारच कमी, असं समितीने म्हटलं. लस सुटली. पण त्याच चौकशीत आणि ऑगस्ट २०१३च्या संसदीय समितीच्या अहवालात दुसरं काही सापडलं. आंध्रात कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. आदिवासी, गरीब घरच्या मुली; विचारायचं कुणाला, तर कुणालाच नाही. संतापाला हे कारण पुरेसं होतं, आणि लसीला ते आजही चिकटून आहे.

जून २०२१मध्ये मात्र थोडं वेगळं घडलं. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने कोव्हिड लस घेतलेल्यांच्या ३१ गंभीर प्रकरणांचा निष्कर्ष दिला. त्यातला एक मृत्यू लसीमुळे आलेल्या तीव्र ॲलर्जीने झाला, असं तिने लेखी मान्य केलं. एका वृद्धाने मार्चमध्ये लस घेतली होती. कबुली तीन महिन्यांत आली. मुल्कोवालला चार वर्षं लागली होती.

परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. आचार्य दोंदे मार्गावरून जाताना पाटी दिसते, आणि पोलिओच्या डोसामुळे ते नाव मुंबईकराच्या तोंडात बसलंय. हाफकिन स्वतः १९३०मध्ये लोझानला वारले. टाइम्समधलं ते पत्र छापलं गेलं, त्या १९०७ सालात एकट्या पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसं नेली.