लैंगिक पूर्वेतिहास कसा विचारावा?

महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत एक प्रश्न सर्रास ऐकू येतो: "लग्न झालंय का?" विचारणाऱ्याला पुष्कळदा विवाहाची चौकशी करायचीच नसते, शरीरसंबंध येतात की नाही, एवढेच जाणून घ्यायचे असते. ज्या अविवाहित तरुणीचे संबंध आहेत ती "नाही" म्हणते, लग्नाला चार वर्षे होऊनही ज्यांच्यात एकदाही संबंध आलेला नाही ते जोडपे "हो" म्हणते आणि दोघांनीही खरे सांगूनही केसपेपरवर चुकीची नोंद होते. एखाद्या तपासणीपुरते असे आडवळण निभावून जाते. मानसोपचारात मात्र ते महागात पडते, कारण तेथे उपचाराची दिशा संभाषणातूनच ठरते.

हा विषय काढायचा कशासाठी, याचे एक साधे उत्तर औषधांच्या अभ्यासातून मिळते. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या 'एसएसआरआय' गटातील गोळ्यांमुळे कामेच्छा कमी होणे, लैंगिक सुख उशिरा मिळणे किंवा मुळीच न मिळणे असे त्रास होऊ शकतात. स्पेनमधील संशोधकांनी १९९७ साली अशी औषधे घेणाऱ्या ३४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपण होऊन तक्रार सांगणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर ते ५८ टक्क्यांवर गेले. विचारले नसते तर उरलेल्यांचा त्रास कोणाच्याच लक्षात आला नसता आणि त्यांतील काहींनी कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या असत्या. शिवाय नैराश्यानेही इच्छा मंदावते. त्यामुळे हा बदल आजाराचा, औषधाचा की बिघडलेल्या नात्याचा, हे ओळखायचे तर तो केव्हापासून जाणवू लागला, हे विचारावेच लागते.

तरीही विचारले जात नाही, याचे कारण अवघडलेपण दोन्ही बाजूंना असते. समोरच्याला वाटते, महत्त्वाचे असेल तर हे विचारतीलच. समुपदेशकाला वाटते, त्रास असेल तर ते सांगतीलच. ही कोंडी फोडण्यासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये चार पायऱ्यांची पद्धत मांडली: बोलण्याची मुभा देणे, मोजकी माहिती देणे, नेमक्या सूचना करणे आणि गरज असेल तरच सखोल उपचार करणे. यांतील पहिली पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. "झोप, भूक, काम यांबद्दल मी सर्वांना विचारतो, तसेच लैंगिक आयुष्याबद्दलही विचारतो, सांगायचे नसेल तर तसे म्हणा," एवढ्या वाक्यानेही मुभा मिळते. प्रश्न सर्वांनाच विचारला जातो हे कळले की, आपल्याकडे पाहून काही संशय आला असावा, ही शंका उरत नाही.

मुभा मिळाली की मराठी माणूसही विचारतो, याचा पुरावा जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली जात. त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना जे पडद्याआड बोलता येत नव्हते, ते पोस्टाने पाठवता येत होते.

प्रश्नाची घडण कशी असावी, यावर सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अल्फ्रेड किन्से यांनी केला. इंडियाना विद्यापीठातील या प्राणिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १८,००० व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. मुलाखतकारांना प्रश्न तोंडपाठ असत, उत्तरे सांकेतिक खुणांनी टिपली जात, त्यामुळे नजर कागदावर खिळून राहत नसे. 'तुम्ही हे कधी केले आहे का?' असे न विचारता ते 'हे पहिल्यांदा केव्हा केले?' असे विचारत, म्हणजे कबुलीपेक्षा नकारच अधिक जड जावा. त्यांच्या नमुना-निवडीवर संख्याशास्त्रज्ञांनी कडक आणि रास्त टीका केली. प्रश्न विचारण्याच्या त्यांच्या कसबाचा प्रभाव मात्र पुढेही टिकला.

माझ्या मते हे कसब समुपदेशनाच्या खोलीत जसेच्या तसे आणणे धोक्याचे आहे. उत्तर गृहीत धरून विचारलेला प्रश्न स्मृतीला वळण लावू शकतो. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ व्यक्तींना लहानपणी त्या एका मॉलमध्ये हरवल्याची बनावट गोष्ट खऱ्या आठवणींबरोबर सांगण्यात आली, तेव्हा सुमारे चौथाई व्यक्तींना ती पूर्ण किंवा अंशतः 'आठवली'. म्हणून "लहानपणी तुमच्यावर अत्याचार झाला असणार" असे सुचवणारा समुपदेशक मदत करत नाही. तो आठवण घडवण्याची जोखीम घेतो. "काहींना लहानपणी नकोसे स्पर्श सहन करावे लागलेले असतात, तुमच्या बाबतीत असे काही घडले होते का?" या वाक्यात मुभा आहे, पण उत्तर दोन्ही बाजूंना मोकळे आहे.

ही विचारणा टाळण्यासारखी नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ मधील अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला होता. मात्र घटनेचा तपशील पोलिसी पंचनाम्यासारखा गोळा करण्याची घाई नको. त्या घटनेचा आजच्या झोपेवर, जवळिकीवर, विश्वासावर काय परिणाम होतो, येथून सुरुवात करता येते. तपशील सांगायचा की नाही आणि किती, हे त्या व्यक्तीने ठरवायचे. प्रत्येक प्रश्नापूर्वी समुपदेशकाने स्वतःला एक विचारावे: या उत्तराने उपचारात काही बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ते निव्वळ कुतूहल आहे.

मग शब्दांची अडचण येते. मराठीत एका बाजूला 'संभोग', 'शिश्न', 'योनी' हे पाठ्यपुस्तकी शब्द आणि दुसऱ्या बाजूला शिव्या. मधली जागा जवळजवळ रिकामी. लोक ती "आमच्यात तसे काही होत नाही", "अंगावरून पांढरे जाते", "कमजोरी आलीय", "धातू जाते" अशा बोलण्याने भरतात. वीर्य गेल्याने शरीर खंगते, या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि चिंतेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. अशा व्यक्तीला हसणे किंवा लगेच व्याख्यान देणे निरुपयोगी आहे. "धातू जाते म्हणजे नेमके काय होते?" असे विचारून तोच शब्द काही काळ वापरावा आणि शास्त्रीय माहिती मागाहून द्यावी.

व्याकरणही कधी कधी आड येते. मराठीत क्रियापदालाही लिंग असल्याने जोडीदाराबद्दल बोलताना स्त्री की पुरुष हे लपवणे कठीण जाते. कोणी सतत "ती व्यक्ती" म्हणत असेल, तर "तुमचे मिस्टर" किंवा "मिसेस" अशी भर घालून त्यांचे दार बंद करू नये. समलैंगिकता हा आजार नाही, आणि ती 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे.

या सगळ्याच्या आधी गोपनीयतेबद्दल बोलायला हवे. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा भावाला बाहेर बसायला सांगणे हा त्याचाच भाग आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, पण त्याला अपवाद आहेत. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अपराध झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि त्यात सतरा वर्षांच्या मुलीचे संमतीचे संबंधही येऊ शकतात. ही मर्यादा तिने सारे सांगून टाकल्यावर उघड केली, तर तो विश्वासघात वाटतो. म्हणून पहिल्याच भेटीत, प्रश्नांच्या आधी ती सांगावी.

इतके करूनही पहिल्या भेटीत बरेचसे अव्यक्तच राहते. पुष्कळदा वेळ संपल्यावर, चपला घालता घालता, "आणखी एक सांगायचं होतं..." असे शब्द येतात. त्या क्षणी दारात उभे राहून चौकशी सुरू करू नये आणि वाक्य तोडूही नये. "हे सांगितलंत ते बरं केलंत, पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू," असे म्हणावे आणि पुढच्या भेटीत आठवणीने तिथूनच सुरुवात करावी.