परमिट रूम आणि मिल कंपाउंड : गिरणगावातील दोन पाट्यांची पार्श्वभूमी

लालबाग-परळच्या जुन्या बारवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते, तर लोअर परळच्या नव्या पबच्या पत्त्यात ‘मिल कंपाउंड’ येते. पहिल्या ठिकाणी परमिट सहसा कोणी मागत नाही, दुसऱ्या ठिकाणी गिरणी चालत नाही. नावे टिकली ती स्थानिक अभिमानामुळे, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ती कागदपत्रांनी टिकवली आहेत.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला, म्हणजे ताडाचे झाड नावातच वागवणाऱ्या वस्तीत, सुरू झाली. ताडी-माडीची केंद्रे आणि देशी दारूचे गुत्ते ही कामगारवस्तीची जुनी ठिकाणे सर्वांच्या परिचयाची आहेत. परमिट रूमचे मूळ मात्र तिथे नाही, ते दारूबंदीत आहे.

शहरात १९३९ च्या ऑगस्टमध्ये एकदा बंदी आली. आजही लागू असलेला कायदा १९४९ चा. या कायद्यानुसार दारू विकणाऱ्याला अनुज्ञप्ती (लायसन्स) लागते आणि पिणाऱ्याला परवाना (परमिट). रोजच्या बोलण्यात दोन्हींना ‘परवाना’च म्हटले जात असल्यामुळे परमिट रूम म्हणजे मालकाला परमिट मिळालेली जागा, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. परमिट गिऱ्हाइकाचे असते आणि ज्या खोलीत परमिटधारकाने बसून प्यावे ती परमिट रूम. सरसकट बंदीतून प्रकृतीच्या कारणास्तव सूट, अशी त्यामागची मूळ कल्पना होती आणि परवान्याच्या मजकुरात आरोग्यरक्षणाचा उल्लेख पुढेही राहिला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूसाठी स्वतंत्र नियम आले, पण पिणाऱ्याचा परवाना रद्द झाला नाही. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांचा आणि देशीसाठी दोन रुपयांचा. ही पावतीपुस्तके गल्ल्याच्या खणात पडून असतात आणि तपासणीची किंवा ३१ डिसेंबरची चाहूल लागली की बाहेर निघतात. कायदा एकच असताना दर दोन ठेवण्यात गुत्ता आणि बार यांतला सामाजिक फरकही सरकारी कागदावर आला, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. दारावरची काळी काच, तिच्यामागचा पडदा आणि पोटमाळ्यावरचा ‘एसी विभाग’ ही रचनाही बंदीमुळे पिण्यात आलेल्या चोरटेपणाचीच खूण म्हणावी लागेल.

‘मिल कंपाउंड’ची कथा अलीकडची आणि अधिक कटू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला तो त्यांच्या जमिनींचा. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मैदाने, परवडणारी घरे आणि मालक असे तीन वाटे ठरवले. २००१ मध्ये ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राखली गेली. शेडखालची जमीन त्यातून सुटली आणि लोकांच्या वाट्याला फारच थोडे उरले. शेडखालची जमीनही वाटणीत धरणारा उच्च न्यायालयाचा २००५ मधला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला. तोवर एका गिरणीत कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली मंजूर झालेल्या जागेत बोलिंगचे दालनही सुरू होऊन गेले होते.

शिल्लक शेडमध्ये पब आले. करवतीच्या दातांसारखी छपरे मुळात साचेखात्यासाठी, म्हणजे मागांच्या विभागासाठी, होती: काच उत्तरेकडे, म्हणजे सुतावर थेट ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड. दिवे मंद ठेवणाऱ्या पबला त्या उजेडाचा काही उपयोग नसतो, म्हणून काच आतून काळी करतात. काही पब गच्चीवर चढले. डिसेंबर २०१७ मध्ये अशाच दोन शेजारच्या पबांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले आणि बातम्यांत सगळीकडे गिरणीचेच नाव आले.

लालबागच्या परमिट रूमला आणि या पबला लागणारी अनुज्ञप्ती मात्र एकच, एफएल-३ (एफएल म्हणजे ‘फॉरेन लिकर’, विदेशी मद्य), आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाकडे १९४९ च्या कायद्याखालील परवाना असणे आजही अपेक्षित आहे.