कौन्सिलचं घर सोडणं वेगळं, बदलणं वेगळं

लूटनचा दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून लेस्टरला बहिणीजवळ जायचंय, घर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेलं आहे, तर आधी नोटीस द्यायची ना? इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न बरेचदा येतो. नोकरीच्या व्हिसावर नव्याने आलेल्यांचा तो नसतो. त्यांच्या व्हिसावर सहसा सरकारी मदत घ्यायला बंदी असते, त्यामुळे कौन्सिलचं घर त्यांच्या वाट्याला येत नाही. प्रश्न असतो तो इथे कायमचे झालेल्यांचा. उत्तर एकच: इतक्यात नोटिशीला हात लावू नका. घर सोडणं आणि घर बदलणं हे कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे व्यवहार आहेत, आणि पहिला करून बसलात की दुसरा करायला हातात काही उरत नाही.

नोटीस म्हणजे भाडेकरार संपवणं. ती लेखी लागते आणि किमान ४ आठवड्यांची. भाडं बहुतेक ठिकाणी आठवड्याचं, सोमवार ते रविवार असं मोजतात, म्हणून नोटीसही त्या आठवड्याच्या हिशोबाने संपावी लागते. बुधवारी फॉर्म दिलात तर मुदत चौथ्या बुधवारी संपत नाही, त्यानंतरच्या रविवारपर्यंत जाते. सोमवारी दुपारी १२ पर्यंत चाव्या जमा करा, असं कित्येक ठिकाणी सांगतात; उशीर झाला की आणखी भाडं लागतं. माळ्यावरचं सामान, मागच्या बागेतली शेड, कोपऱ्यात टाकलेली जुनी गादी, सगळं हलवायचं. राहिलं तर ते उचलण्याचा खर्च तुमच्या नावावर.

दिलेली नोटीस आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. खरी मेख मात्र पुढेच आहे. घर सोडलं, बहिणीकडे महिनाभर काढला, जमेना म्हणून तिथल्या कौन्सिलकडे बेघर म्हणून अर्ज केला, तर १९९६ च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे ‘जाणूनबुजून बेघर झालेले’ असा शिक्का बसू शकतो. राहण्याजोगं घर स्वतःहून सोडलंत ना! तो शिक्का बसला की तुम्हाला कायमचं घर मिळवून देण्याची जबाबदारी कौन्सिलवर राहत नाही.

करार नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर आणखी जपायला हवं. दोघांपैकी एकाच्या सहीची नोटीस दोघांचाही करार संपवते. दुसऱ्याची संमती सोडाच, त्याला सांगायचीही गरज नसते. तेव्हा सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ मध्ये हॅमरस्मिथ अँड फुलहॅम विरुद्ध मंक या खटल्यात यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो नियम मोडला नाही. भांडून निघून गेलेला नवरा रागाच्या भरात फॉर्म भरतो आणि मुलांना घेऊन घरात राहिलेली बायको एका कागदाने उघड्यावर येते. मला हा नियम निर्दयी वाटतो. अशी धास्ती असेल तर वकिलाकडे किंवा घरांच्या प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या शेल्टरसारख्या संस्थेकडे नोटीस पडायच्या आधी धाव घ्यावी.

आता अदलाबदल, म्हणजे इथल्या भाषेत म्युच्युअल एक्स्चेंज. यात करार संपत नाही, माणसं बदलतात. लेस्टरमधल्या एखाद्या कुटुंबाला लूटनला यायचं असेल, तर ते तुमच्या करारात शिरतात, तुम्ही त्यांच्या. समोरचा भाडेकरू दुसऱ्या कौन्सिलचा असो की हाउसिंग असोसिएशनचा (नफा न कमावता स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेचा), चालतं. तिघाचौघांची साखळीही करता येते. जोडी शोधायला होमस्वॅपरसारख्या वेबसाइट आहेत. सिक्युअर टेनन्सी, म्हणजे कौन्सिलच्या घराचा कायद्याने संरक्षित करार असलेल्यांना हा हक्क १९८५ च्या हाउसिंग ॲक्टच्या ९२ व्या कलमाने दिलाय. पहिल्या वर्षाच्या इंट्रोडक्टरी, म्हणजे चाचणीच्या टेनन्सीत तो नसतो.

दोन्ही घरमालकांची लेखी परवानगी लागते, आणि कौन्सिलला ४२ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकार द्यायचा तर कायद्यात लिहिलेल्या कारणांपैकीच एखादं हवं: नवं घर गरजेपेक्षा फारच मोठं आहे, किंवा कुटुंबाला पुरणारं नाही, किंवा अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बदल करून घेतलेलं आहे, किंवा घर खाली करून घ्यायची कारवाई सुरू आहे. भाड्याची थकबाकी असेल तर एरवी ‘आधी ती फेडा’ एवढीच अट घालता येते. ठरावीक मुदतीच्या काही करारांत मात्र तिच्यामुळे सरळ नकारही मिळतो. परवानगी हातात येण्याआधी टेम्पो बोलावू नये.

घर मिळतं ते जसं असेल तसं. गॅस आणि विजेची तपासणी होते, पण आधीच्या माणसाने काढून टाकलेलं दार किंवा हौसेने बसवलेली वाकडी टाइल बहुधा तुमच्याच गळ्यात पडते. कपाटं उघडून, नळ सोडून घर बघा. करारही नीट वाचा: कौन्सिलमधून हाउसिंग असोसिएशनच्या करारात गेलात तर घर विकत घेण्याच्या हक्कासारख्या गोष्टी हातच्या जाऊ शकतात.

आणि पैसे? मुंबईत पागडीची खोली दुसऱ्याच्या नावावर करताना भाडेकरूने रक्कम घेणं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने रीतसर ठरवलं. तो हिशोब डोक्यात ठेवून इथे ‘माझं घर मोठं आहे, वर दोन हजार पाउंड द्या’ म्हणालात तर घर जाण्याची वेळ येईल. अदलाबदलीसाठी पैसे देणं-घेणं हे ताबा काढून घेण्याचं कारण ठरतं.

तिसरी वाट ट्रान्सफरची, म्हणजे कौन्सिलकडूनच दुसरं घर मागायची. कौन्सिलच्या यादीत नाव घालायचं, गरजेनुसार बँड, म्हणजे प्राधान्याचा गट मिळतो, रिकाम्या घरांवर बोली लावायची (पैशांची नव्हे, नुसती पसंती कळवायची) आणि थांबायचं. लंडनमध्ये तर वर्षानुवर्षं. मोठं घर सोडून लहान घ्यायला तयार असाल तर नंबर लवकर लागतो. लंडनमधल्या ५५ वर्षांवरच्यांसाठी सीसाइड अँड कंट्री होम्स ही शहराबाहेर नेणारी योजनाही आहे. ट्रान्सफरमध्ये जुन्या घराचा करार संपतो खरा, पण नवं घर हाती आल्यावर, कौन्सिलशी तारीख जुळवून.

नोटीस द्यायची ती स्वतःचं घर घेतलं, केअर होममध्ये जायचं ठरलं किंवा कायमचं भारतात परतायचं असेल तेव्हा. हिवाळ्यात तीन महिने पुण्याला जाऊन राहणं म्हणजे घर सोडणं नव्हे. हाउसिंग ऑफिसरला कळवून जावं, भाडं चालू ठेवावं. तेवढ्या काळात अख्खं घर भाच्याच्या मित्राला भाड्याने देण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने सिक्युअर टेनन्सी जाते ती परत मिळत नाही, आणि २०१३ च्या कायद्यापासून तो फौजदारी गुन्हाही आहे.