कोरियन युवा मालिकांतील मैत्री आणि प्रेम

दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर तरुण पात्रांच्या ज्या मालिका होतात, त्यांत मैत्री आणि प्रेम ही दोन नाती वेगळी करून दाखवण्याचे एक खास तंत्र घडत गेले आहे. पात्रे मनातले फार उशिरा बोलतात, कधी बोलतच नाहीत. तोवर प्रेक्षकाला सगळे कळते ते चौकटीच्या मांडणीतून, एकमेकांना हाक मारण्याच्या पद्धतीतून, पार्श्वसंगीतातून आणि कोण कोणाची वाट पाहत थांबले आहे यातून. या तंत्राचा सर्वांत कसदार नमुना म्हणजे टीव्हीएन वाहिनीवरची ‘रिप्लाय १९८८’ (२०१५-१६). म्हणून या नोंदीचा बराचसा भाग तिच्याभोवती आहे. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ (२०२२) या मालिकेने त्याच प्रश्नाची केलेली निराळी उकलही पुढे दिली आहे.

कोरियन मालिका बहुधा १६ ते २० भागांची असते आणि आठवड्यातून दोन दिवस दाखवली जाते. गोष्ट कुठे संपणार याचा अंदाज लेखकाला सुरुवातीपासून असतो. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या भागातल्या एका नजरेचा अर्थ अठराव्या भागात उलगडावा, इतका धीर तो धरू शकतो. रोज संध्याकाळी चालणाऱ्या आणि टीआरपी पाहून लांबवल्या जाणाऱ्या मालिकेत असा धीर टिकणे अवघड. अर्थात कोरियातही अनेक मालिकांचे चित्रीकरण प्रक्षेपण सुरू असतानाच चालत आले आहे. त्यामुळे प्रेक्षकांचा कल लेखकांपर्यंत पोहोचत राहतो.

प्रेमाचे काही संकेत इतके रूढ आहेत की नेहमीच्या प्रेक्षकाला ते लगेच ओळखू येतात: मोसमातला पहिला बर्फ, एका छत्रीखाली दोघे, तोल जाणारी मुलगी आणि तिला सावरणारा मुलगा, तोच क्षण संथ गतीत दोन-तीन कोनांतून पुन्हा दाखवणे, आणि नेमके तेव्हाच सुरू होणारे त्या जोडीचे ठरलेले गाणे. पहिला बर्फ पडताना आवडती व्यक्ती सोबत असावी अशी कोरियात लोकभावना आहे, त्यामुळे तो प्रसंग नुसती सजावट राहत नाही. ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ (केबीएस, २००९) ही जपानी चित्रकथेवरून केलेली मालिका अशा संकेतांचा ठेवाच आहे. त्या काळच्या मालिकांत नायक नायिकेचे मनगट धरून तिला ओढत नेतो आणि ते प्रेमाचे लक्षण मानले जाते. पुढे या दृश्यावर कोरियात टीका झाली. ती रास्तच होती, कारण मुलीची इच्छा विचारात न घेणे हेच तिथे ओढीचे माप ठरत होते.

मैत्रीची दृश्ये याच्या उलट रचली जातात. सगळे एकाच चौकटीत, एकमेकांच्या अंगावर रेललेले, एकाच भांड्यातून राम्यन (कोरियन नूडल्स) खाणारे. संवाद एकमेकांवर आदळतात, कोणी कोणाचे पुरते ऐकत नाही, आणि मागे संगीत नसते. ‘रिप्लाय १९८८’ आणि तिच्या आधीच्या ‘रिप्लाय’ मालिकांमध्ये फजितीच्या क्षणी बकरीचे बेंबें ऐकू येते. हा आवाज म्हणजे त्या मालिकांची सहीच होऊन बसला आहे. जिथे तो आवाज येतो तिथे भावना उघड्यावर आहे, सगळ्यांसमोर आहे, तिच्यावर हसता येते. प्रेम त्या घोळक्यातून बाजूला काढून, लपवून दाखवले जाते. ही दोन नाती या मालिकांत जिव्हाळ्याच्या कमी-अधिकपणावरून वेगळी होत नाहीत; चारचौघांत काय दाखवता येते आणि काय गिळावे लागते, यावरून होतात.

‘रिप्लाय १९८८’ शिन वॉन-हो यांनी दिग्दर्शित केली आणि ली वू-जंग यांनी लिहिली. सोलच्या उत्तर भागातील सांगमुन-दोंग या वस्तीतल्या एका गल्लीत पाच समवयस्क मुले वाढतात: डोक-सन ही मुलगी, आणि जंग-ह्वान, सन-वू, डोंग-र्योंग व थेक हे चार मुलगे. थेक हा लहान वयातच बादुक या पटावरील खेळात नावारूपाला आलेला, बोलायला बुजरा मुलगा. त्याची खोली हाच पाचही जणांचा अड्डा. दार ढकलून कोणीही कधीही आत येतो, अंथरुणावर लोळत चित्रपट पाहतो, हाताला लागेल ते खातो. या खोलीत चित्रित झालेले प्रसंग हे मालिकेतले मैत्रीचे सर्वांत सुंदर चित्रण आहे, आणि कथेच्या दृष्टीने त्यांतल्या बहुतेकांत काहीच घडत नाही.

जंग-ह्वानचे मन बदलते ते शाळेच्या सहलीत. लपण्यासाठी तो आणि डोक-सन दोन भिंतींमधल्या अरुंद फटीत शिरतात आणि दोघांना पहिल्यांदाच एकमेकांच्या जवळ असण्याची जाणीव होते. त्यानंतर त्याचे प्रेम फक्त कामांतून दिसते. सकाळी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने तो दारात रेंगाळतो, म्हणजे ती बाहेर पडेल तेव्हा सोबत निघता येईल. गच्च भरलेल्या बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात रोवून उभा राहतो. पावसात रात्री छत्री घेऊन जातो आणि तिच्या हातात देताना ‘लवकर येत जा’ एवढेच म्हणतो. तोंडाने मात्र तो तिला चिडवतच असतो. हीच कामे एखाद्या मित्रानेही केली असती. फरक एवढाच की जंग-ह्वान ती कोणाला कळू देत नाही, आणि कॅमेरा आपल्याला ती त्याच्या बाजूने दाखवतो.

डोक-सनची बाजू वेगळी आहे. तिला कोणीतरी आवडावे यापेक्षा आपण कोणाला तरी आवडावे, ही तिची भूक आहे. घरात थोरली बोरा आणि धाकटा भाऊ यांच्या मधली ती, नेहमी दुर्लक्षित. मैत्रिणी सांगतात, सन-वूला तू आवडतेस. ती सन-वूकडे त्या नजरेने पाहू लागते. पहिला बर्फ पडतो तेव्हा कळते की सन-वूचे मन तिच्या बहिणीवर आहे. मग मैत्रिणी जंग-ह्वानचे नाव घेतात आणि ती तिकडे वळते. मैत्रीला प्रेम समजण्याचे असे प्रामाणिक चित्रण युवा मालिकांत क्वचितच सापडते. अभ्यासात मागे असलेला, सगळ्यांचा विदूषक डोंग-र्योंग तिला एकदा विचारतो की तुला कोण पसंत करते हे राहू दे, तुला स्वतःला कोण आवडते? मालिकेतला हा कळीचा प्रश्न प्रियकर विचारत नाही, मित्र विचारतो.

पेच पडतो तो थेक मित्रांना सांगून टाकतो तेव्हा: डोक-सन आपल्याला आवडते, मुलगी म्हणून आवडते. बाकीचे चकित होतात. जंग-ह्वान गप्प होतो आणि त्या दिवसापासून मागे सरतो. पुढे जंग-ह्वानच्या पाकिटात डोक-सनसोबतचा फोटो थेकच्या दृष्टीस पडतो, तेव्हा तोही तिच्यासोबत चित्रपटाला जाण्याचा बेत मोडतो. दोन मित्र एकमेकांसाठी थांबलेले आणि मधली मुलगी दोघांच्या थांबण्याने गोंधळलेली. प्रेमत्रिकोणात मत्सर आणि भांडण हा नेहमीचा मार्ग इथे लेखिकेने टाळला आहे. पण या उदार माघारीत डोक-सनला कोणी काही विचारत नाही, ही बोच उरतेच.

काही वर्षांनी, १९९४ साली, एका संगीत कार्यक्रमाला डोक-सन एकटी उभी असल्याचे कळल्यावर जंग-ह्वान गाडी काढतो. वाटेत सिग्नल लागत राहतात. तो पोहोचतो तेव्हा थेक तिच्यापुढे उभा असतो. महत्त्वाचा सामना सोडून तो आलेला असतो. जंग-ह्वान दोष सिग्नलला देत नाही, स्वतःच्या कचरण्याला देतो. त्यानंतर मित्रांच्या घोळक्यात तो हवाई दलाच्या अकादमीची अंगठी डोक-सनपुढे ठेवतो आणि इतक्या वर्षांचे सगळे एका दमात बोलतो. आणि लगेच डोंग-र्योंगकडे वळून म्हणतो की तुझी इच्छा होती ना, झाली पूर्ण. सगळे थट्टा समजून हसतात. खरी कबुली मैत्रीच्या चेष्टेच्या रूपात, मैत्रीच्याच टेबलावर उरकली जाते आणि अंगठी तिथेच राहते. मैत्री व प्रेम यांची दृश्यभाषा एकाच प्रसंगात एकमेकींवर ठेवण्याची ही कामगिरी असामान्य आहे.

मालिकेची चौकट मात्र एका कोड्याची आहे. वर्तमानातली प्रौढ डोक-सन आणि तिचा नवरा मुलाखत देताना दिसतात, आणि तो नवरा कोण हे शेवटपर्यंत गुपित राहते. कोरियात प्रेक्षकांचे दोन तट पडले: जंग-ह्वान साकारणाऱ्या र्‍यू जुन-योलचे आणि थेक साकारणाऱ्या पार्क बो-गमचे. प्रत्येक तटाने स्वतःचे छोटे घोषवाक्यही बनवले. शेवटच्या भागाचे मानांकन १८ टक्क्यांच्या वर गेले, जे केबल वाहिनीसाठी तोवरचे विक्रमी होते. नवरा थेक निघाला आणि मोठा वर्ग दुखावला गेला. वीस भाग प्रेक्षकाने ज्याच्या डोळ्यांतून पाहिले तो हरला, हे पचायला जड होते. तरी हा शेवट सच्चा वाटतो, कारण जंग-ह्वानचे प्रेम शेवटपर्यंत डोक-सनपर्यंत पोहोचलेच नव्हते.

हाक मारण्याच्या पद्धतीलाही इथे मोठे काम आहे. कोरियन भाषेत वयाप्रमाणे बोलण्याची पातळी बदलते. धाकटी मुलगी मोठ्या मुलाला ‘ओप्पा’ म्हणते, धाकटा मुलगा मोठ्या मुलीला ‘नुना’. ही हाक सुटून नुसते नाव ओठांवर आले की नाते हलल्याचे कळते. मराठीत ‘तुम्ही’चे ‘तू’ होताना जे घडते त्याच्या जवळचे हे आहे. सन-वू आणि त्याच्याहून मोठी बोरा यांच्या कथेत ही सोय उपलब्ध आहे. डोक-सन, थेक आणि जंग-ह्वान एका वयाचे, लहानपणापासून एकेरीतले. त्यांच्या बोलण्यात बदलण्यासारखे काही नाही. म्हणून त्या तिघांच्या बाबतीत दिग्दर्शकाला नजर, हात आणि दाराशी रेंगाळणे यांवरच विसंबावे लागले. सन-वू आणि बोरा यांच्यापुढे आणखी एक अडथळा येतो: दोघांचे आडनाव आणि कुळ एकच. अशा विवाहाला कोरियन कायद्याची मनाई होती. १९९७ साली तिथल्या घटना न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली. सगोत्र विवाहाचे वाद ऐकलेल्या मराठी वाचकाला आई-वडिलांची त्यातली घालमेल परकी वाटणार नाही.

‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ची कथा १९९८च्या आर्थिक अरिष्टात सुरू होते. ना ही-दो ही शालेय तलवारबाज आणि वडिलांचा व्यवसाय बुडालेला, तिच्याहून चार वर्षांनी मोठा बेक इ-जिन यांच्यात असे नाते जुळते की त्याला काय म्हणावे हे दोघांनाही उमगत नाही. ही-दो या नात्याला इंद्रधनुष्य म्हणते: मैत्रीही नाही, प्रेमही नाही, जे आहे ते. पुढे इ-जिन ही पळवाट नाकारतो आणि आपल्याला तिच्यावर प्रेम आहे असे साध्या शब्दांत सांगतो. इथे ‘रिप्लाय’सारखा लपंडाव नाही, प्रश्नच उघडपणे मांडला आहे. ही-दो शाळकरी असल्याने या जोडीच्या वयांतील अंतरावर आक्षेपही घेतले गेले.

पण या मालिकेतली धाडसी गोष्ट वेगळी आहे. ही-दोचा इंटरनेटवरच्या गप्पांतून झालेला एक अनोळखी जिवलग आहे. त्याला भेटायचे ठरते, खूण म्हणून पिवळा गुलाब ठरतो. समोर गुलाब घेऊन इ-जिन येतो आणि काही काळ ही-दोला तोच तो जिवलग वाटतो. खरी व्यक्ती निघते गो यू-रिम, तिची मैदानावरची कट्टर प्रतिस्पर्धी, जी तिला सतत टाकून बोलत आलेली असते. झाकलेली ओळख, खुणेचे फूल, गैरसमज, मग सत्य कळल्यावरची मिठी ही प्रेमकथेची सगळी सामग्री लेखिका क्वॉन दो-उन यांनी दोन मुलींच्या मैत्रीसाठी खर्च केली आहे. मैत्री म्हणजे प्रेमाची अलीकडची पायरी, हा युवा मालिकांचा जुना हिशेब त्यामुळे इथे लागू पडत नाही.

मराठी दूरचित्रवाणीवर मैत्री आणि प्रेम यांचा क्रम बहुधा लग्नाने ठरतो. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (झी मराठी, २०१२) मध्ये घना आणि राधा आधी कराराने लग्न करतात, मग मित्र होतात, मग प्रेमात पडतात. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (झी मराठी, २०१५-१६) ही ‘रिप्लाय १९८८’च्या जवळपास त्याच काळातली. ‘माजघर’ नावाच्या मुंबईतल्या घरात एकत्र राहणाऱ्या सहा जणांची ही मालिका मैत्रीलाच कथेचा कणा करते. दोन्ही मालिकांत एक सामाईक खोली हेच मैत्रीचे घर आहे. मात्र सांगमुन-दोंगच्या गल्लीत आई-बाप हाकेच्या अंतरावर आहेत, तर माजघरात ते नाहीत. त्यामुळे इथे मित्रच एकमेकांचे पालक होतात.

‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’च्या शेवटी ही-दो आणि इ-जिन विभक्त होतात. पत्रकारितेतल्या कामाने इ-जिन दूर गेला आहे आणि वाट पाहण्याने ही-दो थकली आहे. हा शेवट अनेक प्रेक्षकांनी मनाला लावून घेतला. यू-रिम घरच्या कर्जापायी रशियाचे नागरिकत्व घेते, मायदेशात तिच्यावर चिखलफेक होते, आणि माद्रिदच्या स्पर्धेत ती ही-दोसमोर परक्या देशाच्या पोशाखात उभी राहते. सामना पूर्ण ताकदीने खेळला जातो आणि संपल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. मालिकेतल्या कोणत्याही प्रेमप्रसंगाइतकाच वेळ दिग्दर्शकाने या मिठीला दिला आहे.